जपमाळेतून आलेला शब्द

पपा वाडीत पडले त्या सकाळी मी नायगावच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात एका नवरीच्या गाऊनला मोती लावत बसले होते. खिडकीतून खाडी दिसते. त्या दिवशी खाडीवर धुकं होतं आणि समोरच्या नव्या इमारती कमरेपर्यंत त्यात बुडाल्या होत्या. असं धुकं मला आवडतं. सगळं जग जरा हळू चालल्यासारखं वाटतं. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"पपा केळीत पडले. शुद्धीवर आहेत, पण बोलत नाहीत."

"म्हणजे?" एवढंच मी कसंबसं विचारलं.

"म्हणजे बोलताच येत नाहीये त्यांना. तू ये."

रिक्षात बसले तरी ते वाक्य माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पपांचे पाय गेले असं कुणी सांगितलं असतं तर मी समजू शकले असते. पण आवाज? माहेरी, वटार गावात, आमच्या आळीत पपांचा आवाज सगळ्यांचा होता. मे महिन्यात क्रूसासमोर सगळी आळी जमायची, तेव्हा प्रार्थना पपा सांगायचे. कुणाच्या घरी मयत झालं की आधी त्यांना बोलावणं यायचं. विहिरीच्या तळातून यावा तसा तो आवाज होता, थंड आणि भरलेला. लग्नाच्या मांडवात माइक बंद पडला तरी पपांचं काही अडायचं नाही.

आणि मी त्यांची मुलगी. लहानपणापासून अडखळत बोलणारी.

आता पन्नाशी आली तरी अडखळतेच. 'प', 'क', 'त' ही अक्षरं ओठांपर्यंत येतात आणि तिथेच दार लावून बसतात. मला काय म्हणायचंय ते मला स्वच्छ माहीत असतं. समोरच्यालाही बहुतेक वेळा ते कळलेलं असतं, आणि तो घाईने माझं वाक्य पुरं करून टाकतो. मग मी मान हलवते. कितीतरी वेळा मला म्हणायचं असतं एक, आणि मी मान हलवते दुसऱ्यालाच.

नऊ वर्षांची असताना मला एकदा मिस्सेत, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, प्रार्थना म्हणायला उभं केलं होतं. आम्हाला धर्मशिक्षण शिकवणाऱ्या सिस्टरनी मला मुद्दाम निवडलं होतं, माझं भलं व्हावं म्हणूनच. एकच ओळ होती: 'प्रभू, आमच्या गावातल्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू दे.' आठ दिवस मी ती वाडीत केळींना म्हणून दाखवली. केळींसमोर मी अजिबात अडखळत नसे. त्यांची पानं वाऱ्यावर हलायची आणि मला वाटायचं, ऐकताहेत.

रविवारी स्टुलावर चढून माइकसमोर उभी राहिले आणि पहिलंच अक्षर अडलं. माझा श्वास सगळ्या चर्चभर ऐकू येत होता. डोक्यावरचे पंखे फिरत होते. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पपा गायकवृंदातून उतरून आले, माझ्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ त्यांच्या आवाजात वाचली. सगळ्या लोकांनी उत्तर दिलं. माझा हात धरून त्यांनी मला बाकावर आणून बसवलं. पपांनी मला सोडवलं या आनंदात मी उरलेली मिस्सा ऐकली.

घरी आल्यावर ते विहिरीवर पाय धूत होते आणि मी रहाटाजवळ उभी होते. वर न बघता ते म्हणाले, "जिभेला गाठ असलेल्या माणसाने चारचौघांत बोलायला उभं राहू नये. लोक हसतात."

ते रागावले नव्हते. पायरी शेवाळलेली आहे, जपून, असं आपण मुलांना सांगतो ना, तसं म्हणाले. (आमच्या घरात आमची गावची बोली असते. इथे मी ती सगळ्यांच्या मराठीत लिहिते आहे. त्या बोलीत ते वाक्य याहून लहान होतं.) पुन्हा ते वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नाही. पुन्हा उच्चारायची गरजच नव्हती. मी ते कायमचं मनात ठेवून घेतलं. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी उभी राहायची, उत्तर माहीत असायचं, आणि मी 'येत नाही' अशी मान हलवून खाली बसायची.

पण संध्याकाळच्या रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मला गाठ नव्हती, ही गोष्ट फक्त आईच्या लक्षात आली होती.

दिवेलागणीला आम्ही सगळे भिंतीवरच्या अल्तारासमोर बसायचो. पपा प्रत्येक 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचे आणि दुसरा अर्धा आम्ही सगळ्यांनी मिळून म्हणायचा. मेणबत्तीच्या उजेडात मारियामातेचा निळा झगा हलल्यासारखा दिसायचा. बाहेर मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या बेतात असायच्या आणि त्यांचा वास पडवीतून आत यायचा. चार आवाजांच्या मधोमध माझा आवाज सरळ वाहायचा. ती अक्षरं माझी नव्हतीच, सगळ्यांची होती, म्हणून बहुधा दार लागत नव्हतं. दहा मण्यांचं एक दशक, तशा तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत मला अर्धवट झोप यायची आणि झोपेतही तोंड बरोबर म्हणत राहायचं.

एकदा आई माझ्या कानाशी म्हणाली, "तुझा आवाज शेजारी असला ना, की रोजरी संपूच नये असं वाटतं बघ."

आईचंही हे एकच वाक्य. पपांचं एक आणि आईचं एक. दोन्ही घेऊन मी मोठी झाले.

शिवणकाम मी निवडलं ते बहुतेक त्यामुळेच. टाचण्या ओठात धरल्या की कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. आगाशीच्या बाजारात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मी शिकले. मग चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेणाऱ्या मुलींचे फ्रॉक, नवरीचे गाऊन. हात बोलत होते, तेवढं पुरेसं होतं. लग्न ठरलं तेव्हा मात्र माझी झोप उडाली, कारण लग्नाचं वचन नवरीला स्वतःच्या तोंडाने द्यावं लागतं. ते कुणी दुसरं वाचू शकत नाही. फादर म्हातारे होते. त्यांना मी कागदावर लिहून माझी भीती सांगितली. ते हसून म्हणाले, "मी हळू आवाजात म्हणतो. तू माझ्या आवाजावर तुझा आवाज ठेव." तसंच केलं. माझं वचन पुरं झालं आणि माझा नवरा, जो त्या वेळी एका कारखान्यात नवाच लागला होता, इतका घामेजला होता की लोकांना वाटलं अडखळतोय तो.

तर, मी हॉस्पिटलमध्ये पोचले. पपांचा उजवा हात चादरीवर परक्यासारखा पडला होता. मला बघून त्यांचे डोळे भरले. त्यांनी तोंड उघडलं.

"तेच," ते म्हणाले. "तेच. तेच. तेच."

त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण काहीतरी वेगळंच, लांबलचक सांगतो आहोत असं त्यांना वाटतंय. मग आपलाच आवाज त्यांच्या कानावर पडला आणि ते थांबले. तो थांबलेला चेहरा मी ओळखला. आरशात न बघताही मला तो ठाऊक होता.

डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलायची जागा दुखावली आहे. पुढे वाचा सुधारायला शिकवणारी एक मुलगी येऊ लागली. सव्वीस-सत्तावीसची असेल. तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांना काही तोंडपाठ आहे का? गाणी, पाढे, प्रार्थना? कधीकधी साधं बोलणं जातं पण पाठ असलेलं राहतं. ते दुसऱ्या कप्प्यात असतं म्हणा ना."

मला हसू आलं आणि रडूही. "प्र... प्रार्थना," मी म्हटलं. ती थांबली. माझा शब्द तिने पुरा केला नाही. तिचं हे मी विसरले नाही.

महिन्याभराने पपांना वटारला घरी आणलं. भाऊ कामावर जायचा, वहिनीचं घर, वाडी आणि दोन मुलं. नवऱ्याला मी म्हटलं, मी काही महिने जाते. तो म्हणाला, "मशीन टेम्पोत घालून देतो. इथलं मी बघतो." तशी मी माझ्या शिवणयंत्रासकट माहेरी राहायला आले, तीस वर्षांनी. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पहिल्या संध्याकाळी वहिनीने अल्तारावर मेणबत्ती लावली. पपांना खुर्चीत बसवलं होतं. ते मारियामातेकडे बघत नव्हते, मांडीवरच्या मेलेल्या हाताकडे बघत होते. भावाने रोजरी सुरू केली. आता पहिला अर्धा भाग त्याच्याकडे आला होता. पपा म्हणायचे तिथे तो म्हणत होता, थोडा चोरट्यासारखा. आम्ही उत्तर देत होतो. पहिला 'नमो मारिया' झाला, दुसरा झाला. तिसरा भावाने सुरू केला आणि त्याच्या आवाजाखालून दुसरा एक आवाज वर आला.

आधी मला वाटलं भास आहे. केळीच्या पानांतून वारा जातो तसा तो घरघरता होता. मग त्यातले शब्द ऐकू आले, स्पष्ट, क्रमाने, एकामागून एक. भाऊ म्हणता म्हणता गप्प झाला. पपा एकटेच म्हणत राहिले आणि त्यांचा अर्धा संपल्यावर थांबले, आमच्यासाठी, नेहमीसारखे. आम्हाला उत्तर देता येईना. वहिनीने तोंडावर पदर धरला होता. शेवटी मीच सुरुवात केली. माझ्या मागे बाकीचे आले.

त्या संध्याकाळी त्यांना मणी मोजता आले नाहीत. दहा झाले, अकरा झाले, सोळा-सतरा झाले. कुणी त्यांना थांबवलं नाही. मेणबत्ती संपत आली आणि ते म्हणतच होते. जणू आवाज पुन्हा हरवेल म्हणून ते त्याचा हात सोडायला तयार नव्हते. शेवटी खुर्चीतच त्यांना झोप लागली.

सकाळी चहा देताना मी आशेने विचारलं, "झोप लागली ना, पपा?"

"तेच," ते म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिथून आमच्या दुपारी सुरू झाल्या. घरामागे वाडीत बावखल आहे. पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं, आमच्याकडे प्रत्येक वाडीत असायचं. त्याच्या काठाला जांभळाखाली मी पपांची खुर्ची मांडायची आणि शेजारी गोणपाटावर हातशिलाई घेऊन बसायची. पाण्यावर जांभळाची पानं तरंगायची, एखादा खंड्या सूर मारायचा. दोन-अडीच तास तसेच जायचे. त्या मुलीने सांगितलं होतं, प्रार्थना सुरू करा आणि मधल्या एखाद्या शब्दाशी थांबा. तो शब्द त्यांना भरू द्या. मी 'आमच्या बापा'ची प्रार्थना सुरू करायची आणि 'आमची रोजची' म्हणून भाकरीच्या आधी थांबायची.

"भाकर," पपा म्हणायचे.

मग मी डब्यातली भाकरी दाखवायची. "ही काय आहे?"

"तेच."

पुन्हा पहिल्यापासून. माझीही प्रार्थना एकटीने म्हणताना मध्येच अडायची. मग पपा माझा शब्द भरायचे. कोण कुणाला शिकवतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं. तीन आठवड्यांनी एका दुपारी वहिनीला ताट घेऊन यायला उशीर झाला, तेव्हा पपांनी आपणहून 'आमच्या बापा' पुटपुटायला सुरुवात केली. स्वर्ग, राज्य, इच्छा, सगळ्या पायऱ्या उतरत ते भाकरीपर्यंत आले आणि तिथे थांबून माझ्याकडे बघितलं. "भाकर," पुन्हा म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

मी धावत गेले. वहिनी म्हणाली, "अगो बाई, भाकरीसाठी एवढी लांब वाट!" आणि डोळे पुसत ताट वाढायला लागली.

मग आम्हाला युक्ती कळली. पपांना एखादा शब्द हवा असला की ज्या प्रार्थनेत तो आहे ती ते पहिल्यापासून म्हणत जायचे आणि त्या शब्दापाशी उतरायचे. 'आता' हा शब्द त्यांना 'नमो मारिया'च्या दुसऱ्या भागात सापडला. आत न्या, पाणी द्या, रेडिओ लावा, सगळ्याला 'आता'. घरातल्यांनी मात्र त्यांच्या आधी बोलायची सवय काही सोडली नाही. वहिनी प्रेमाने विचारायची, "पाणी? चहा? उशी?" आणि पपा कंटाळून कशालाही मान हलवायचे. एकदा मी तिला म्हटलं, "थ... थांब ना. त्यांचं त्यांना म्हणू दे." ती थोडी रागावली. "मी वाईट करते का?" नाही, वाईट नव्हतीच करत. मला समजावून सांगता आलं नाही.

मग एका दुपारी मी सगळं बिघडवलं.

ते सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, इतकं संथ, की मला वाटायला लागलं आता आम्हा दोघांमध्ये काहीही बोलता येईल. ऊन पाण्यावर आडवं आलं होतं. पपांनी एका शब्दासाठी बराच वेळ धडपड केली. तो आला नाही. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापट मारली. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"पपा, तुम्हाला आठवतं का? तुम्ही मला म्हणाला होतात, जिभेला गा... गाठ असलेल्या माणसाने चारचौघांत बोलायला उभं राहू नये."

हे म्हणायला मला खूप वेळ लागला. प्रत्येक अक्षरावर मी अडले. तेवढा सगळा वेळ पपा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना हात हलवून मला थांबवताही आलं असतं, पण त्यांनी पुरं होऊ दिलं. वाक्य संपलं. त्यांना ते आठवत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यांचे ओठ हलले.

"तेच," ते म्हणाले. फार हळू.

त्या संध्याकाळी रोजरीत पपांचा आवाज आला नाही. भावाने वाट बघितली, मग स्वतःच पुढे म्हणत गेला. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरीसाठी नाही, पाण्यासाठी नाही. ताट ठेवलं तर थोडं खायचे, नाहीतर तसेच बसायचे. भाऊ म्हणाला डॉक्टरांना फोन करू, पुन्हा झटका आला असेल. मला कारण माहीत होतं. इतकी वर्षं मी तो शब्दांचा धोंडा माझ्याकडे ठेवला होता, आणि माणसाजवळ उत्तर द्यायला जीभ उरली नाही तेव्हा तो काढून त्याच्या मांडीवर ठेवला. जे बोलले ते खरं होतं. तरीही मशीनवर बसले की टीप वाकडी जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेआधी मी कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, गेले. फादर तरुण होते, पलीकडच्या गावातले. जाळीतून त्यांचा फक्त कान दिसत होता. मी सगळं सांगितलं. 'पपा' या शब्दावर इतकी अडले की मागे रांगेतल्या बायका पुढे वाकून बघायला लागल्या असतील. फादरांनी एकही शब्द माझ्या तोंडातून घेतला नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी रोजरीनंतर मोठ्यांचा आशीर्वाद घेतात का?"

"लहान असताना. आता नाही."

"आज घ्या," ते म्हणाले. "तेवढंच तुमचं प्रायश्चित्त."

आशीर्वाद घ्यायची आमची पद्धत अशी, की रोजरी संपली की मुलांनी हात जोडून एकेका मोठ्या माणसासमोर जायचं आणि म्हणायचं, आशीर्वाद द्या. मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा. पपा म्हणायचे, 'देव तुला बरी ठेवो.' लग्न झाल्यावर माझं ते सुटलं. सणाला आले तरी मी पपांच्या पाया पडल्यासारखं करून निसटायची.

संध्याकाळी रोजरी झाली. पपा गप्पच होते. भाचरं उठून गेली, वहिनी चुलीकडे गेली. भाऊ मेणबत्ती विझवायला हात पुढे करत होता, त्याला मी थांब म्हटलं. पपांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकले. माझे गुडघे दुखतात आता. हात जोडले आणि म्हटलं, "पपा, आशीर्वाद द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"तेच," ते म्हणाले. मान हलवली, हे नाही म्हणून. "तेच. तेच."

भाऊ मागून म्हणाला, "देव तुला—"

मी हाताने त्याला गप्प केलं.

बाहेर कुणीतरी मोटार लावून झाडांना पाणी सोडलं होतं, त्याची धार कुठेतरी आळ्यात पडत होती. आपण किती वेळ तिथे होतो, असं मी नंतर भावाला विचारलं. तो म्हणाला पाच मिनिटं असतील. मला वाटलं होतं माझं सगळं बालपण तेवढ्यात पुन्हा होऊन गेलं. मग पपांनी डोळे मिटले आणि 'नमो मारिया' म्हणायला लागले. अगदी पहिल्यापासून, पुटपुटत, शब्द चाचपत. मला वाटलं रोजरी अजून चालू आहे असं त्यांना वाटतंय. ते मारियेच्या नावावरून पुढे गेले, कृपेवरून पुढे गेले, आणि एका ठिकाणी येऊन थांबले.

"तू धन्य," ते म्हणाले.

पुढचे शब्द त्यांनी म्हटले नाहीत. डोळे उघडले, माझ्या डोक्यावरचा हात दाबला आणि मला बघून, प्रार्थनेच्या बाहेर येऊन, पुन्हा म्हणाले, "तू. धन्य."

मी तशीच बसून राहिले. माझ्या तोंडून तर काहीच निघेना, आणि त्या वेळी ते अडखळणं नव्हतं.

त्यांनी त्यातून काय सांगितलं? माफी मागितली का? मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलं नाही. विचारून त्यांना पुन्हा त्या जिन्यावरून खाली उतरवायची माझी इच्छा नव्हती. इतकंच झालं की दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा आवाज रोजरीत परत आला. आणि एक गंमत झाली. 'धन्य' हा शब्द आता त्यांच्या हाती लागला होता, तो ते सगळ्यांना वाटायला लागले. वहिनीने तिखट कालवण केलं की, "धन्य." ती वाचा शिकवणारी मुलगी आली की, "धन्य." भाचीने परीक्षेचा निकाल आणला, धन्य. कोळीण दारात बोंबील घेऊन आली, तिलाही धन्य. ती टोपली खाली ठेवून हसली. "आज्याला बरं वाटाया लागलं वाटतं. बायो, जरा पानी दे गो." खरं सांगते, मला थोडा मत्सर वाटला. माझ्या आशीर्वादातला शब्द बोंबलांनाही मिळाला. पण वहिनी एकदा ओट्याशी उभी असताना मला म्हणाली, "लग्न होऊन बावीस वर्षं झाली. पपांनी मला एकदाही बरं म्हटलं नव्हतं गो. आता रोज म्हणतात." आणि तिचंही पाणी, चहा, उशी हळूहळू कमी झालं. ती ताट घेऊन उभी राहायला लागली, त्यांचा शब्द येईपर्यंत.

मी सात महिने राहिले. निघाले तेव्हा पपांकडे साठेक शब्द जमले होते. काही प्रार्थनेतले, काही त्यांचे स्वतःचे, कुठून आले ते कळलं नाही. क्रूसासमोरची प्रार्थना आता आळीतले दुसरे एक गृहस्थ सांगतात. पपांची खुर्ची पुढे ठेवतात आणि लोकांबरोबर उत्तर देताना त्यांचा आवाज वेगळा ओळखता येत नाही.

आता रोज दुपारी जेवण झालं की मी नायगावहून फोन लावते. भाची पपांच्या कानाशी फोन धरते. नवरा आता निवृत्त झालाय, तो शेजारी पेपर वाचत असतो. पहिल्या-पहिल्यांदा तो विचारायचा, "फोन लागलाय ना? कुणीच बोलत नाहीये." मी त्याला हाताने थांब म्हणते. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत असतो, पानं एकमेकांवर घासल्याचा. पपांचा श्वास येतो. मी शिवण मांडीवर ठेवून खाडीकडे बघत बसते. भरती असली तर पाणी पार भिंतीपर्यंत आलेलं असतं.

काल असंच बराच वेळ गेला. मग पपा म्हणाले, "रा..."

मी वाट बघितली.

"राजेळी," ते म्हणाले. केळीची ही जात आमच्याकडे उन्हात वाळवून सुकेळी करायला लावतात, हा शब्द कुठल्याच प्रार्थनेत नाही.

"काय झालं राजेळीला, पपा?"

मागून भाची काहीतरी सांगू बघत होती, तिला कुणीतरी, बहुतेक वहिनीने, गप्प केलं.

"घड," पपा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, श्वास घेऊन, "मो... मोठा."

"कि... किती मोठा?" मी विचारलं, आणि सुई कापडात खोचून निवांत बसले.